मसाई पठारावरच्या फुलांसाठी १० पटीचं घडीचं भिंग: घ्यावं का, कसं पारखावं, कसं वापरावं

कोल्हापुरात गुजरी या सराफ पेठेच्या आसपास सराफी अवजारांच्या दुकानांत मिळणारं १० पटीचं, तीन काचांचं, घडीचं भिंग मुळात खडे पारखायला आणि दागिन्यावरचा हॉलमार्क वाचायला बनवलेलं. पण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर फुलं बघायला जाणार असाल, तर कॅमेऱ्याच्या आधी हे घ्या. जांभ्या कातळावर मातीचा थर कित्येक ठिकाणी बोटभरही नसतो. पाऊस पडला की पाणी तुंबतं, उघडीप झाली की कातळ तापतो. अशा जागी तगणारी रोपं बुटकी आणि फुलं बारीक. लांबून रंगाचे पट्टे दिसतात, जवळून नुसते ठिपके. खरी गंमत त्या ठिपक्यांच्या आत आहे.

घेताना एका आकड्यापासून सावध राहा. दोन-तीनशे रुपयांच्या भिंगांवर सर्रास ‘३० पट, २१ मिमी’ कोरलेलं असतं. २१ मिमी हा काचेचा व्यास; ‘३० पट’ मात्र खरं नसतं, आणि ते दुकानातच तपासता येतं. दारातून येणाऱ्या उजेडाकडे भिंग धरा, मागे कोरा कागद धरा आणि दाराचं उलटं चित्र कागदावर स्पष्ट उमटेपर्यंत अंतर कमी-जास्त करा. भिंग ते कागद हे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून २५० ला त्यानं भागा. साधारण २५ मिमी आलं तर भिंग १० पटीचं. ३० पटीला ते जेमतेम ८ मिमी हवं, आणि तसं खरंच मिळालं तरी पठारावर कामाचं नाही: फुलावर डोक्याची सावली पडते आणि वारा असताना काहीच स्थिर दिसत नाही. दुसरी परीक्षा आलेखाच्या कागदाची. एका काचेच्या भिंगात कडेच्या रेषा वाकतात, त्यांना निळी-तांबडी किनार येते. चांगल्या तीन काचांच्या भिंगात रेषा जवळजवळ कडेपर्यंत सरळ राहतात. पैसे जास्त पडतात, पण फरक पहिल्याच फुलाला कळतो.

बहुतेकांचं चुकतं ते धरण्यात. भिंग फुलाजवळ नाही, डोळ्याला लावायचं. चष्मा असेल तर चष्म्याच्या काचेजवळ. मग डोकं खाली न्यायचं, फूल इंचभरावर आलं की स्पष्ट दिसतं. भिंगाचा हात गालाला टेकवा, दुसऱ्या तळव्यानं वारा अडवा. श्वासानं काच धुरकटते, म्हणून बघताना तो रोखून धरा.

सुरुवात दवबिंदू या कीटक खाणाऱ्या रोपापासून करा. सूर्य समोरून तिरपा येईल असं बसलात तर पानावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब आणि थेंबाच्या आत लाल ग्रंथी वेगळी दिसते. बऱ्याचदा चिलटाचे पाय त्यात अडकलेले असतात. नत्र कमी असलेल्या या मातीत झाडाची गरज अशी भागते. नभाळीत पुंकेसरांवरचे जांभळे केस बघा. ते सलग धागे नाहीत, मण्यांच्या माळा आहेत, आणि एकेक मणी म्हणजे एकेक पेशी. गेंदाचं पांढरं बोंड म्हणजे एक फूल नव्हे, डझनावारी फुलांचा गुच्छ. बहुतेक जातींत काळे परागकोश १० पटीत स्वच्छ दिसतात. सीतेची आसवं मात्र अर्धीच बघायला मिळतात. फुलाचा फुगीर ओठ आणि मागचं टोकदार शिंग दिसतं, पण कीटक पकडणाऱ्या पिशव्या चिखलात असतात. त्यासाठी रोप उपटू नका.

भिंगाच्या मर्यादाही आहेत. गेंदाची नेमकी जात ठरवायला बियांची नक्षी लागते, ती यात दिसत नाही. तिथे सूक्ष्मदर्शकच हवा. फोटोसाठी मोबाइलची मॅक्रो क्लिप बरी, पण बघायला भिंगच सरस.

वस्तू म्हणून त्रुटी तीन. बिजागरीचा स्क्रू सैल होतो आणि गवतात पडला की गेलाच; निघण्याआधी आवळून घ्या. काळं किंवा चंदेरी भिंगसुद्धा गवतात सापडत नाही, म्हणून भडक नारिंगी दोरी बांधून गळ्यात अडकवा. आणि जांभ्याची बारीक रेव काचेवर बसते. ती आधी फुंकणीनं उडवा, मगच मऊ सुती कापड फिरवा. शर्टाच्या टोकानं पुसलंत तर ओरखडे ठरलेलेच.

गुडघे टेकायचे ते उघड्या कातळावर, ओल्या हिरव्या भागावर नाही. तिथे एका पावलाखाली शेकडो रोपं चिरडतात, आणि यातली बरीचशी एकाच हंगामाची असल्यानं बी धरण्याआधी तुडवली गेली तर पुढच्या वर्षी ती जागा मोकळी राहते.

आपल्याकडच्या पावसाळी हवेत भिंग कातडी पाकिटात ठेवू नका, ओल धरते. घरी आल्यावर पंख्याखाली वाळवून सिलिका जेलच्या पुडीसकट घट्ट डबीत घाला. काचेवर बुरशीचे धागे चढले आणि पुसायला उशीर झाला, तर लेप कायमचा खराब होतो.