कांगारू पिशवी : कापड झकास, माप मात्र आईचंच

कमी दिवसांच्या बाळाला छातीशी बांधायच्या या पिशवीला पाचपैकी साडेतीन तारे. कापडाबद्दल तक्रार नाही, राग पट्ट्यावर आहे.

आमची मुलगी 32 व्या आठवड्यात झाली, वजन 1 किलो 420 ग्रॅम. बायकोचं बीपी वाढल्यामुळे सिझर. ती दुसऱ्या मजल्यावर, पोरगी चौथ्यावर, बाळाला ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत. तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "आईला वर यायला वेळ आहे, तुम्हीच घ्या छातीशी." मी कारखान्यातल्या सीएनसी मशीनवरचा माणूस, ऑइलचा वास अंगातच मुरलेला. नखं कापली, कोपरापर्यंत हात धुतले. छातीवरचे केस काढू का विचारलं, तर सगळा वॉर्ड हसला. अंघोळ करून या आणि सेंट मारू नका, एवढंच सांगितलं.

ओढणीत बांधली की घसरायची, म्हणून ही पिशवी ऑनलाइन मागवली. 749 रुपये. सुती आहे, दोनदा धुतल्यावर छान मऊ झाली. सोबतच्या कागदावर एक हसरी आई आणि इंग्रजी सूचना. बांधायला शिकवलं ते सिस्टरनीच. अंगावर फक्त डायपर, टोपी, मोजे. बाळ छातीच्या मधोमध उभं, पाय बेडकासारखे, मान एका कुशीला आणि जराशी वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. वरची कड कानाच्या खालीच हवी. या पिशवीत ती कड वर सरकते, सारखं लक्ष ठेवावं लागतं.

आता पट्टा. माझ्या पाठीमागून तो जेमतेम चार बोटं चिकटायचा. तेही वेल्क्रो! सोडवताना चर्रर्र झालं की पोरगी दचकायची. साध्या नाड्या लावल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

बाळाला असं छातीशी बांधून ठेवायची ही कांगारू पद्धत कोलंबियातल्या बोगोटाची. 1978 च्या सुमारास तिथे पेट्या पुरत नव्हत्या, तेव्हा डॉ. एडगार रे यांनी बाळं आईच्या अंगाशी बांधायला सुरुवात केली. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसाला 8 ते 24 तास सांगते. टाके दुखत असलेली बाई एकटी एवढे तास कुठून आणणार? मग बाबाच्या मापाची पिशवी का नाही काढत?

अर्थात पैसे वसूल झाले. तिरक्या खुर्चीत टेकून मी रोज दोन तास बसायचो. नळीतून दूधही तसंच चालायचं. सुरुवातीला मॉनिटरवर ठोके 165 च्या आसपास असायचे, मी शिफ्टमधल्या गप्पा सांगायला लागलो की हळूहळू 145 वर यायचे. मशीनवरचा कुठला जॉब, म्हणजे पार्ट, रिजेक्ट झाला, सुपरवायझर काय बोलला, सगळं तिला माहीत आहे.

आता ती 2 किलो 600 ची आहे, पिशवीत मावत नाही. धुऊन, वाळवून शेजारच्या पेटीतल्या बाळाच्या वडिलांना दिली. त्यांचं पोट माझ्यापेक्षा मोठं आहे. पट्टा पुरला का, ते विचारून इथे लिहितो.