टीटीकेच्या थीम : मोंढ्यातल्या हिशेबपट्टीच्या अनुभवातून

परभणीच्या नव्या मोंढ्यातील एका आडत दुकानासाठी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील टीकेइंटर हे खिडक्या व बटणे बनवण्याचे साधन वापरून हिशेबपट्टीचे सॉफ्टवेअर लिहिले आहे. टीकेइंटरची मूळ बटणे जुनाट दिसतात, ही तक्रार खरी आहे. पण टीकेइंटर ज्यावर चालते त्या टीके या मूळ संचाच्या २००७ मध्ये आलेल्या ८.५ आवृत्तीपासून टीटीके हा थीम, म्हणजे बटणांचे एकूण रंगरूप, बदलू देणारा संच सोबतच मिळतो आणि थीम एका ओळीत बदलते.

विंडोजवर आपोआप लागणारी ‘विस्टा’ थीम देखणी आहे, परंतु तिची बटणे स्वतः विंडोजच रंगवत असल्यामुळे आपण दिलेला पार्श्वरंग ती मानत नाहीत. सोयाबीनच्या हंगामात समोर शेतकऱ्यांची रांग असताना मुनिमांना ‘पट्टी छापा’ हे बटण चटकन दिसले पाहिजे. त्यासाठी मी ‘क्लॅम’ निवडली. तिचे सर्व रेखाटन टीके स्वतः करते, त्यामुळे रंग आपल्या हातात राहतात आणि लिनक्सवरही तीच थीम मिळते. मात्र आधी थीम लावावी आणि मगच रंग ठरवावेत, कारण आपण केलेली मांडणी त्या वेळी चालू असलेल्या थीमपुरतीच नोंदवली जाते.

मराठी अक्षरांसाठी अधिक काळजी घ्यावी लागते. ट्रीव्ह्यू या तक्त्यातील ओळीची उंची मुळात २० पिक्सेल असते, आणि अक्षर मोठे केले तरी ती आपोआप वाढत नाही. परिणामी वेलांट्या आणि उकार कापले जातात व शेतकऱ्याचे नाव नीट वाचता येत नाही. ‘रोहाइट’ ही ओळीच्या उंचीची सेटिंग ३२ केल्यावर निर्मला यूआय या फाँटमधील १२ आकाराची नावे स्वच्छ दिसू लागली. एन्ट्री या मजकूर भरायच्या चौकटीतील फाँट तर टीटीकेच्या स्टाइलमधून, म्हणजे रंगरूपाच्या सेटिंगमधून, बदलतच नाही. तो ‘टीकेटेक्स्टफाँट’ या सामाईक फाँटमध्ये बदलणे सर्वांत सोयीचे आहे. शेतमालाची नावे दाखवणाऱ्या कॉम्बोबॉक्स या निवडपेटीची उघडणारी यादी टीटीकेबाहेरच्या जुन्या लिस्टबॉक्सचीच असल्याने तिचा फाँट ‘ऑप्शन ॲड’ या आज्ञेने वेगळा द्यावा लागतो.

जुने घटक असे थीमबाहेर राहतात, हीच टीटीकेची खरी उणीव आहे. टेक्स्ट (मोठ्या मजकुराची चौकट), मेनू आणि कॅनव्हास (रेखाटनाची जागा) थीमच्या कक्षेत येतच नाहीत. दुकानदाराने गडद रंगाचा स्क्रीन मागितला, तर त्यांचे रंग एकेक करून हाताने भरावे लागतात, आणि तेवढा वेळ कामाच्या अंदाजात आधीच धरावा.