चेहऱ्याखालची जमीन: जेसो, सरस-खडू की टेक्स्चर पेस्ट?

मिश्र माध्यमात व्यक्तिचित्र करायचं ठरवलं की रंगांची यादी आधी तयार होते आणि जमिनीचा, म्हणजे रंगाखाली द्यायच्या लेपाचा, विचार शेवटी. माझ्या मते क्रम उलटा हवा. पहिला हात कशाचा लागणार आहे, कोळशाचा, सॉफ्ट पेस्टलचा, पातळ ॲक्रिलिकचा की तैलरंगाचा, ते आधी ठरवा. जमीन त्यावरून निवडायची, कारण अर्ध्या रंगलेल्या चेहऱ्याखालची जमीन बदलता येत नाही.

बहुतेकांनी ॲक्रिलिक जेसोपासून सुरुवात करावी. ॲक्रिलिकच्या इमल्शनमध्ये खडू आणि टायटॅनियम व्हाइट, एवढाच हा मामला. तो लवचीक असल्याने कॅनव्हासवर तडकत नाही, प्लायवर आणि जाड कागदावरही चालतो, आणि वर तैलरंग किंवा ॲक्रिलिक दोन्ही बसतात. दोन-तीन पातळ हात द्या, एक आडवा, पुढचा उभा. मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. उणीव एकच: पृष्ठभाग थोडा प्लास्टिकसारखा राहतो. त्यावर जलरंग नीट शोषला जात नाही आणि पेस्टलचा तिसरा-चौथा थर घसरायला लागतो.

सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा गोंद) आणि खडूची जुनी जमीन याच्या अगदी उलट. ती रंग पिते. ४०० नंबरने घासली की हस्तिदंतासारखी गुळगुळीत होते, आणि पापणीची बारीक रेघ त्यावर जशी उमटते तशी दुसरीकडे नाही. पण ती ठिसूळ असते, म्हणून फक्त लाकडी फळीवर; कॅनव्हासवर घातली तर भेगा ठरलेल्या. शिवाय सरस हवेतला ओलावा ओढतो. मुंबईत किंवा कोकणात, पावसाळ्यात बंद राहणाऱ्या खोलीत चित्र ठेवणार असाल तर बुरशीचा धोका घेऊ नका. कोरड्या हवेत राहत असाल आणि रेषेवर प्रेम असेल, तर एकदा तरी करून पाहा.

खर्च वाचवायला पांढऱ्या गोंदात खडूची पूड कालवतात. सरावाला ठीक. मात्र हा गोंद वाळल्यावरही पाण्याने मऊ पडतो, त्यामुळे वरून ओला ब्रश घासला की जमीनच उचलून येते. भिंतीची सिमेंटवाली पुट्टी मात्र नकोच: कापडावरून तिचे पोपडे सुटतात, आणि तिच्यातल्या क्षारामुळे प्रशियन ब्लूसारखा रंग बिघडतो.

आता पोत. इथे मी स्वतः हात पोळून घेतले आहेत. आजीचं चित्र करताना मी सगळ्या बोर्डावर सुरीने मॉडेलिंग पेस्ट, म्हणजे उंचवटे उठवायची घट्ट टेक्स्चर पेस्ट, ओढली. दिवसा चित्र छान दिसायचं. संध्याकाळी बाजूचा दिवा लागला की पापणीवरून गेलेल्या उंचवट्याची सावली पडायची आणि आजीचा डोळा सुजल्यासारखा दिसायचा. चेहऱ्याचा भाव मिलिमीटरभर सावलीने बदलतो. डोळे, ओठांचे कोपरे आणि नाकपुडीची कड इथली जमीन गुळगुळीतच हवी.

अजिंठ्यात हेच दिसतं. खडकावर आधी माती, दगडाची पूड, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा खरबरीत गिलावा, आणि त्यावर चुन्याचा पातळ, घोटलेला थर. चेहरे रंगवले ते त्या वरच्या थरावर.

पेस्ट हवी असेल तर एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच द्या आणि रात्रभर वाळू द्या. जाड थराची वरची साय आधी आवळते आणि भेगा पडतात. केस, दागिने, साडीचे काठ यांना ती शोभते. कोळसा आणि पेस्टलसाठी पेस्टपेक्षा प्युमिस दगडाची पूड घातलेली खरबरीत जमीन जास्त चांगली ठरते; थरावर थर धरते. मात्र मऊ ब्रशची ती वाट लावते आणि बोटाने रंग मिसळायला गेलात तर कातडी सोलवटते.

पोतासाठी तिसरा पर्याय चिकटवलेल्या कागदाचा. पुण्याच्या हातकागदाचे तंतू पातळ रंगाखाली फार सुंदर दिसतात. वर्तमानपत्र लावायचा मोह टाळा, ते पिवळं पडतं. मजकूर हवाच असेल तर चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून घ्या. आणि म्हाताऱ्या चेहऱ्यासाठी चुरगळलेला टिश्यू पेपर वापरण्याची युक्ती मला पटत नाही. कागदाची चुणी कुठेही जाते. माणसाची सुरकुती ती व्यक्ती आयुष्यभर जशी हसली, जशी डोळे बारीक करून पाहत आली, त्या वाटेने जाते.

आजीचं दुसरं चित्र मी प्लायवर केलं. जेसोचे चार हात, चेहऱ्यापुरते ४०० नंबरने घासलेले, वर गेरूचा पातळ हात. पेस्ट फक्त नऊवारीच्या काठाला, आणि पदराच्या घड्यांत प्युमिस. दिवा कुठूनही लावला तरी डोळे आता तिचेच दिसतात.