रिको जीआर थ्री: रस्त्यावर छायाचित्रे काढणाऱ्यांसाठी

२०१९ साली बाजारात आलेला रिको कंपनीचा जीआर थ्री हा कॅमेरा मी गेली तीन वर्षे पुण्यात मंडई, तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्ता या गर्दीच्या भागांत वापरत आहे. बॅटरी आणि कार्डासह त्याचे वजन अवघे २५७ ग्रॅम असून तो खिशात मावतो. तरीही त्यात २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर, म्हणजे भिंगे बदलता येणाऱ्या अनेक मोठ्या कॅमेऱ्यांत असतो तेवढा प्रकाश टिपणारा भाग, आहे. २८ मिमीइतका, म्हणजे बराच रुंद दृश्यकोन देणारे त्याचे भिंग बदलता येत नाही.

त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे स्नॅप फोकस. २ किंवा २.५ मीटर असे अंतर आधीच ठरवून ठेवले, की बटण पूर्ण दाबताच कॅमेरा फोकस शोधत न बसता लगेच छायाचित्र घेतो. त्यामुळे मंडईत तराजूचा काटा स्थिरावण्यापूर्वीचा भाजीवाल्या मावशींचा चेहराही हाती लागतो. शटरचा आवाज जेमतेम ऐकू येतो आणि अंगचा फ्लॅश नसल्यामुळे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत.

हा कॅमेरा लपवता येतो म्हणून घ्यावा, असे काही जण सुचवतात, ते मला मुळीच पटत नाही. सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून छायाचित्र काढण्यावर आपल्याकडे सरसकट कायदेशीर बंदी नाही. मग लपवायचे कशासाठी? गेल्या वर्षी एका व्यापारी इमारतीसमोरच्या पदपथावरून मी तिच्या दर्शनी भागाचे छायाचित्र घेतले, तेव्हा सुरक्षारक्षकाने ते पुसून टाकण्याचा आग्रह धरला. इमारतीच्या आवारात काय चालेल हे मालकाने जरूर ठरवावे, परंतु पदपथ त्याच्या मालकीचा नाही. शिवाय वास्तूचे छायाचित्र काढल्याने स्वामित्वहक्काचा भंग होत नाही, असे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. मी रक्षकदादांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर छायाचित्र दाखवले, शांतपणे हे सांगितले आणि ते पुसले नाही. शासकीय गुपिते कायद्याखालील प्रतिबंधित ठिकाणांची गोष्ट अर्थातच वेगळी. मात्र पोलीस ठाणे त्या व्याख्येत बसत नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये दिला आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

या कॅमेऱ्याची खरी परीक्षा आषाढी वारीत झाली. पालखीसोबत चालताना २८ मिमीच्या भिंगामुळे माणसांच्या अगदी जवळ जावे लागते आणि जवळ गेले की बोलणे होतेच. ‘माउली, एक फोटो काढू का?’ असे विचारल्यावर नकार क्वचितच मिळाला. दूरवरून झूम लावून नदीकाठी आंघोळ करणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे घेणारेही मी तेथे पाहिले आणि मला त्याची चीड आली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार स्त्रीच्या खासगी कृतीचे चित्रण हा गुन्हा आहे. उघड्या घाटावरचा प्रसंग त्या कलमात बसो वा न बसो, वारीत आडोसा मिळत नाही म्हणून त्या बायकांनी कोणाला संमती दिलेली नसते. जीआर थ्रीने असे छायाचित्र घेता येणे जवळजवळ अशक्य आहे, आणि ही त्याची उणीव आहे असे मला वाटत नाही.

खऱ्या उणिवा वेगळ्या आहेत. पाऊस आणि धूळ यांपासून त्याला संरक्षण नाही, त्यामुळे दिवेघाटात सर आली की तो पिशवीत ठेवावा लागतो. बॅटरी सुमारे २०० छायाचित्रांपुरती चालते; वारीच्या दिवशी मला तीन लागल्या. भिंगाच्या फटीतून सेन्सरवर धूळ बसते आणि ती काढण्यासाठी कधी कधी कॅमेरा उघडावा लागतो. म्हणून जुना कॅमेरा घेणार असाल, तर एफ १६ वर, म्हणजे भिंगाचे छिद्र सर्वांत लहान ठेवून, मोकळ्या आकाशाचे एक छायाचित्र काढून ते पूर्ण मोठे करून पाहा आणि काळे ठिपके दिसले, तर व्यवहार करू नका.