टिमोथी गवताचं पाकीट: पैसे इथे घाला, पण पाकीट पारखून

सशाच्या खर्चात पिंजऱ्यावर आणि रंगीबेरंगी दाण्यांवर लोकांचा हात सैल सुटतो. गवताची वेळ आली की मात्र 'वाळलेलं गवतच ते, त्याला एवढे पैसे?' मोठ्या सशाच्या रोजच्या खाण्यात ८० टक्क्यांहून जास्त वाटा वाळलेल्या गवताचाच हवा. त्याचे २८ दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला साधारण २ मिलिमीटर. जबडा आडवा फिरवून गवत दळताना दाढा एकमेकींवर घासून झिजतात. दाणा उभ्या दाबानं फुटतो, तिथे घासणं जवळजवळ होतच नाही. मग दाढांना टोकं येतात, जीभ-गाल सोलवटतात आणि ससा वाटीपर्यंत येऊन न खाताच माघारी फिरतो.

टिमोथी हे थंड हवेतलं गवत. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एलेन्सबर्ग भागातून ते जगभर जातं. आपल्या उकाड्यात ते नीट येत नाही, म्हणून किंमत जास्त. त्यात प्रथिनं साधारण ८ ते १० टक्के, तंतू तिसाच्या वर आणि कॅल्शियम बेताचं असतं. मोठ्या सशाला नेमकं हेच लागतं. किंमत पाकिटावर नाही, किलोवर काढा. ४०० ग्रॅमचं पाकीट दिसायला स्वस्त, हिशेबाला महाग. २ किलोच्या सशाला रोज ८०-१०० ग्रॅम लागतं आणि तो थोडं तुडवून वाया घालवतोच. म्हणजे १ किलो दहा दिवस पुरलं तर पुरलं.

पाकिटावर पहिली, दुसरी किंवा तिसरी कापणी लिहिलेली असते. पहिलीत काडी जाड आणि कणसं भरपूर, दुसरीत काडी-पान निम्मं-निम्मं, तिसरी मऊ नि पानाळ. नेहमीच्या खाण्याला दुसरी घ्या. तिसरी ससे आवडीनं खातात, पण तिला चघळावं कमी लागतं. आजारातून उठलेल्या किंवा गवताला तोंडच न लावणाऱ्या सशासाठी ती ठीक. कापणीचा उल्लेखच नसेल तर आत काय भरलंय ते डोळ्यांनीच ठरवावं लागतं.

पाकीट फोडल्यावर आधी वास घ्या. चांगल्या गवताला किंचित गोडसर वास येतो. कुबट आला तर पुढे बघायचं कारणच नाही. मग मूठभर ओढा. काडी हातभर नसली तरी निदान वीतभर हवी आणि मधूनमधून बाजरीच्या कणसाची छोटी आवृत्ती वाटावी असं टिमोथीचं कणीस दिसायला हवं. ते एकही दिसलं नाही तर टिमोथीच्या नावावर दुसरंच गवत असण्याची शंका घ्यावी, निदान पहिल्या-दुसऱ्या कापणीत तरी. वरचा थर पिवळट असणं हा दोष नाही, तो उन्हाचा परिणाम. तपकिरी, चिकटून बसलेले गठ्ठे मात्र भिजल्याची खूण. उरलेलं पाकीट चाळणीवर झटका. किलोमागे १०० ग्रॅमच्या वर चुरा निघाला तर सरळ परत पाठवा. ती धूळ सशाच्या नाकात जाते आणि शिंका सुरू होतात.

दुकानात त्याच कपाटात लसूणघासाचं, म्हणजे अल्फाल्फाचं पाकीट असतं, बहुधा स्वस्त. सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला ते चालतं. मोठ्याला रोज नको: प्रथिनं जवळपास दुप्पट आणि कॅल्शियम त्याहून वरचढ. ससा जादा कॅल्शियम लघवीवाटे टाकतो. ते साचलं की लघवी खडूच्या पाण्यासारखी दाट होते आणि पुढे मूत्राशयात गाळ बसतो. दाबून केलेल्या गवताच्या वड्यांवर 'टिमोथी' लिहिलेलं असलं तरी त्यात तंतू बारीक कापलेले असतात, त्यामुळे त्या खाऊ म्हणूनच द्याव्यात. दाणे (पेलेट) घ्यायचेच तर लेबलवर क्रूड फायबर, म्हणजे तंतू, १८ टक्क्यांच्या वर बघा आणि दिवसाला अगदी थोड्यावर थांबा. सुकं फळ, मका, बिया घातलेलं मिश्रण घेऊच नका. ससा त्यातलं गोड तेवढं वेचतो.

'आमचा ससा गवत खात नाही' ही तक्रार बहुतेक वेळा दाण्यांनी भरलेल्या पोटाची असते. दाणे ७ ते १० दिवसांत हळूहळू उतरवा, गवत मात्र अष्टौप्रहर समोर ठेवा. लेंड्या टाकायच्या ट्रेच्या एका टोकाला गवत ठेवलं तर उत्तम, कारण खाता खाता हगणं हा त्याचा स्वभावच आहे. तारेच्या लटकत्या गोळ्यात गवत भरू नका, डोकं अडकतं. गवत मानवलं की लेंड्या मोठ्या, गोल, सोनेरी-तपकिरी आणि चुरल्यावर भुसभुशीत होतात. उपाशी ठेवून सवय लावायचा हट्ट मात्र धरू नये. १२ तास खाणं किंवा लेंड्या बंद म्हणजे आतडी थंडावल्याची लक्षणं, थेट डॉक्टर गाठायचा.

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर मोठं पाकीट घेणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. किलोच्या आतलं घ्या, दोन-तीन दिवसांचं बाहेर काढा, बाकी घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. किंचित दमट वाटलं तर भरण्याआधी पंख्याखाली पसरवा. पांढरी भुकटी दिसली तर अख्खा डबा टाकायचा. ऊन दाखवून बुरशीचं विष जात नाही.

टिमोथी परवडत नसेल तर हराळी, म्हणजे दूर्वांचंच गवत, हा खरा पर्याय. कापून सावलीत वाऱ्यावर वाळवा. १ किलो ओल्याचं पाव किलोच्या आसपास वाळलेलं मिळतं. लॉनमशीनमधून निघालेला चुरा नको, तो लवकर तापून आंबतो. गुरांच्या पेंढीत कुसळं असतात, ती तोंडात आणि डोळ्यात रुततात. कोवळी ज्वारी तर नकोच; तिनं जनावरं दगावतात, तिथे सशाची काय कथा. भाताच्या पेंढ्यात पोषण जवळजवळ नाही, पण खाली अंथरायला बरा. गणपतीत बाजारभर मिळणाऱ्या दूर्वा ओल्या असतात आणि त्या दिवसांत नीट वाळतही नाहीत. त्या धुवून, निथळून, ताज्याच मूठभर द्याव्यात. आधी हिरव्याची सवय नसेल तर एका जुडीपासून सुरुवात करा.