सॉल्ट सेलर: भांडं मस्त, नाव त्याहून मस्त

चिनी मातीचा छोटा सॉल्ट सेलर, म्हणजे जेवणाच्या टेबलावरचं मिठाचं भांडं, घेतला, दोन महिने रोज वापरतेय. लाकडी झाकण, आत एवढासा चमचा, जेवताना ताटाशेजारी ठेवला की चिमूटभर मीठ घ्यायला एकदम सोप्पं.

पण नाव वाचून मला वाटलं सेलर म्हणजे तळघर, पूर्वी तिथे मीठ साठवत असतील म्हणून हे नाव, तर तळघराचा काही संबंधच नाही! लॅटिनमध्ये मीठ म्हणजे साल, त्यावरून फ्रेंचमध्ये मिठाचं भांडं ते सालिएर, ते इंग्रजीत आलं आणि हळूहळू लोक मूळ अर्थ विसरले, मग पुढे सॉल्ट जोडलं आणि स्पेलिंग तळघरासारखं होऊन बसलं. म्हणजे मिठाचं मिठाचं भांडं. आपली पावरोटी तशीच की, पाव म्हणजे पोर्तुगीजमध्ये ब्रेडच. मला तर हे कळल्यापासून भांडं जास्तच आवडायला लागलंय.

व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये चेल्लिनी या जुन्या इटालियन सोनार-शिल्पकाराने फ्रान्सच्या राजासाठी घडवलेलं सोन्याचं असं मीठपात्र आहे, २००३ ला चोरीला गेलेलं, २००६ ला जंगलात पुरलेलं सापडलं. चांदीचं मात्र घेऊ नका, मिठाने चांदी खराब होते, म्हणून जुन्या चांदीच्या भांड्यांत आत काचेची वाटी असायची.

तक्रार एकच, झाकण सैल आहे, पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं. तळाला चार दाणे तांदूळ टाकलेत, बरंच कोरडं राहतंय. आईचा लोणच्याचा सट आहे ना, त्याचं झाकण कसं गच्च बसतं, तसं हवं होतं.