एका कोंबडीसाठी तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना

दक्षिण कोकणातील आमच्या किनारी तालुक्याच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात मी यंदा श्रावणात तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा रुग्ण एकच होता, घरची गावठी कोंबडी. गुरे आणि शेळ्या घेऊन लोक तेथे जातातच. परंतु एकट्या कोंबडीला तेथे कोणी तपासते का, ही शंका अनेकांच्या मनात असते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

भरदुपारी मागच्या परड्यात मुंगसाने तांबडीला धरले. आईच्या ओरडण्याने त्याने तिला सोडले, पण पाठीवरची कातडी उसवली होती आणि पंखाखाली दातांच्या खोल खुणा होत्या. शेजारच्या काकूंनी हळद भरायला सांगितली, तर आणखी एकाने ती जगणार नाही, आजच कापा, असे सुचविले. पाच वर्षे अंगणात वाढलेल्या आणि हाक मारली की पायरीपर्यंत येणाऱ्या कोंबडीबाबत ते आम्हाला शक्य नव्हते. आंब्याच्या खोक्यात भाताचे तूस पसरून, वर गोणपाट टाकून मी तिला घेऊन निघालो.

हा दवाखाना श्रेणी-1चा आहे, म्हणजे तेथे पदवीधर पशुवैद्यक बसतात. त्या दिवशीच्या डॉक्टरबाईंनी खोका उघडताच पहिली गोष्ट केली ती माझी पकड सैल करण्याची. पक्ष्याच्या शरीरात आपल्यासारखा श्वासपटलाचा पडदा नसतो, श्वासासाठी त्याच्या छातीचे हाड हलावे लागते आणि घाबरून घट्ट आवळून धरले तर तो हातातच गुदमरू शकतो, हे त्यांनी शांतपणे समजावले. जखमेभोवतीची पिसे त्यांनी उपटली नाहीत, कात्रीने कापली, कारण कोंबडीची कातडी पातळ असते आणि उपटताना आणखी फाटते. कोमट सलाइनने जखम धुऊन पाठीवर टाके घातले. दातांच्या खोल खुणा मात्र मुद्दाम उघड्या ठेवल्या, म्हणजे आत पू कोंडत नाही. बाहेर म्हशी ताटकळत असताना एका कोंबडीला त्यांनी पाऊण तास दिला, याचे मोल मला फार वाटते.

त्याहूनही अधिक उपयोगी पडल्या त्या घरच्या शुश्रूषेच्या सूचना. पावसाळी हवेत जखमेवर माशी बसली की एका दिवसात अळ्या पडू शकतात, म्हणून खोका माजघरात आणि मच्छरदाणीखाली ठेवायचा. इतर कोंबड्यांपासून तिला वेगळे ठेवायचे, कारण लाल जखम दिसली की त्या टोचत राहतात. कोंबडीच्या अंगाचे तापमान 41 ते 42 अंश सेल्सिअस असते आणि आजारात ते टिकवताना तिची शक्ती जाते, म्हणून खोक्याच्या एकाच कोपऱ्याला बल्बची ऊब द्यायची, म्हणजे तिला नको असेल तेव्हा दूर सरता येते. वीज गेली की कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. पाणी चोचीत ओतायचे नाही, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि पाणी फुप्फुसात जाते. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावायचा. पहिले दोन दिवस तिने काही खाल्ले नाही. तिसऱ्या दिवशी आईने कणीची मऊ पेज आणि कुस्करलेले उकडलेले अंडे पुढे ठेवले, तेव्हा तिने पेज सोडून अंडे टिपले. त्या क्षणी ती वाचणार असे मला प्रथमच वाटले.

दुसऱ्या खेपेस पंखाखाली कातडी फुगलेली दिसली. पक्ष्यांच्या शरीरात हवेच्या पिशव्या असतात, त्यांतील एखादी फाटली की हवा कातडीखाली साठते. डॉक्टरांनी ती सुईने काढली आणि पुन्हा फुगल्यास लगेच यायला सांगितले. पुन्हा फुगली नाही. तिसऱ्या खेपेस टाके काढले. त्यानंतर आठवडाभर तिला जाळीआड, पण इतरांच्या नजरेसमोर ठेवले आणि मगच संध्याकाळी सर्वांबरोबर खुराड्यात सोडले.

उणिवाही लिहिल्या पाहिजेत. केसपेपर नाममात्र शुल्कात झाला, परंतु मलम आणि प्रतिजैविक बाहेरून विकत आणावे लागले. सूचना सगळ्या तोंडी मिळाल्या. लिहून न घेतलेला माणूस त्यांतील निम्म्या विसरेल. सर्वांत गंभीर बाब म्हणजे प्रतिजैविक चालू असताना आणि त्यानंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नसतात, हे मी विचारले तेव्हाच सांगण्यात आले. ज्या घरात लहान मुले रोज अंडे खातात, तेथे हे आपणहून सांगायला हवे. शिवाय औषधाची मात्रा वजनावर ठरते, पण लहान पक्ष्याचे वजन करण्याजोगा काटा दवाखान्यात नाही. शेजारच्या किराणा दुकानात जाऊन तांबडीला पिशवीत बसवून वजन करून आणावे लागले. ते 1 किलो 350 ग्रॅम भरले.

तरीही कोंबडी जखमी झाल्यास मी पुन्हा तेथेच जाईन. सकाळी लवकर जावे, वही-पेन न्यावे, खोक्याला हवेसाठी भोके पाडावीत. नेणे शक्य नसेल तर 1962 या निःशुल्क क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करता येते. काट्यासाठी मी दवाखान्यात लेखी विनंती दिली आहे. तो आल्याचे कळताच येथे तशी नोंद करीन.